इकॉनॉमिक की इकॉनॉमिकल? जुळ्या दिसणाऱ्या इंग्रजी विशेषणांचा घोळ सोडवायची पद्धत

मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला इंग्रजीत काम करायची वेळ आली की काळ आणि प्रयोग हळूहळू जमतात. गाडी अडते ती दुसरीकडेच. दोन विशेषणं असतात, दिसायला जवळपास सारखी. खिशातल्या छोट्या शब्दकोशात दोघांचा अर्थही तोच दिलेला असतो, आणि वाक्यात नेमकं कुठलं घालायचं ते कळत नाही.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या एका कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं आणि कॅटलॉग लिहिणं हे माझं रोजचं काम. संध्याकाळी ओळखीतली, अभ्यासिकेत बसणारी पोरं याच शंका घेऊन येतात. त्यांना परीक्षेतला एक मार्क हवा असतो, मला गिऱ्हाइकाचा गैरसमज टाळायचा असतो. पण उत्तर शोधायची वाट दोघांची एकच आहे. ती इथे पायरीपायरीने मांडतो. मुख्य उदाहरण एकच धरू, इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल. एकाच्या शेवटी आय-सी, दुसऱ्याच्या शेवटी आय-सी-ए-एल, एवढाच डोळ्याला दिसणारा फरक. मध्ये हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल ही जोडी येईल, कारण तिथे मराठीच आपल्याला चकवते.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा

- एक लर्नर्स डिक्शनरी. म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी इंग्रजीतूनच लिहिलेला शब्दकोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, कुठलाही चालेल. तिन्ही मोबाइलवर फुकट उघडतात. इंग्रजी कच्चं असेल तर लाँगमन घ्या. त्यातल्या व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांतच बसवलेल्या आहेत, त्यामुळे एक शब्द बघायला गेलो आणि चार नवे गळ्यात पडले, असं होत नाही.
- शंभर पानी वही आणि पेन. मोबाइलमधली नोंद पुन्हा उघडली जात नाही, हा माझा सगळ्या पोरांबाबतचा अनुभव.
- एखादा इंग्रजी पेपर. रोज नको, आठवड्यातून दोनदा मिळाला तरी पुरे.

समानार्थी शब्दांची यादी देणारी पुस्तकं या कामापुरती कपाटातच राहू द्या. ‘अमुक म्हणजे तमुक’ असं सांगून ती दोन शब्दांना एका दावणीला बांधतात. आपल्याला तर ते सोडवायचे आहेत.

१. विशेषण राहू दे, त्याच्या पुढचं नाम बघा

ही पायरी नीट जमली तर निम्म्याहून जास्त काम झालं. विशेषण एकटं फिरत नाही, त्याची ठरलेली सोबत असते. आणि ती सोबत तुम्हाला आधीच पाठ आहे, फक्त त्या नजरेने बघितलेलं नाही.

एसईझेडचं पूर्ण नाव आठवा: स्पेशल इकॉनॉमिक झोन. अर्थसंकल्पाच्या तोंडावर येतो तो इकॉनॉमिक सर्व्हे. दावोसला भरतं ते वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम. पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा म्हणजे इकॉनॉमिक ऑफेन्सेस विंग. पुढे क्रायसिस, ग्रोथ, पॉलिसी, रिफॉर्म्स, डेव्हलपमेंट, स्लोडाउन. या सगळ्या नामांचा संबंध देशाच्या, राज्याच्या, समाजाच्या अर्थव्यवहाराशी आहे. इथे इकॉनॉमिकल कुठेच बसत नाही. स्पेशल इकॉनॉमिकल झोन म्हणून बघा, कानालाच खटकेल.

आता दुसरी सोबत. इकॉनॉमिकल कार म्हणजे कमी पेट्रोल पिणारी गाडी. इकॉनॉमिकल मेथड म्हणजे कमी खर्चात, कमी नासाडीत होणारी पद्धत. इकॉनॉमिकल कुक म्हणजे उरलंसुरलं वाया न घालवणारी गृहिणी. रात्रीची भाकरी उरली की सकाळी कुस्करून फोडणीला टाकणारी आपल्याकडची कुठलीही आई यात बसते. वस्तू, पद्धत, वापर किंवा माणूस, ज्याच्या हातून पैसा, वेळ, माल वाया जात नाही, त्याला इकॉनॉमिकल.

इंग्रजांनी हा शब्द थट्टेलाही वापरलाय. १९८६ मध्ये ब्रिटनचे कॅबिनेट सेक्रेटरी रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका कोर्टात साक्ष देताना ‘इकॉनॉमिकल विथ द ट्रुथ’ असा प्रयोग केला, आणि तो तेव्हापासून गाजला. अर्थ असा, की खोटं नाही, पण सत्य हात राखून सांगितलेलं. तिथे इकॉनॉमिक घातलं तर सगळी गंमत जाते, कारण मुद्दा अर्थकारणाचा नाहीच, हात राखण्याचा आहे.

तर वहीत एका पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे एक शब्द, उजवीकडे दुसरा. दोन्हींखाली फक्त नामं लिहायची, अर्थ नाही. आठ-दहा नामं जमली की पान स्वतःच बोलायला लागतं.

२. ‘परवडत नाही’ या शब्दापाशी थांबा

पहिल्या पायरीवर जोडी सुटली असं वाटतं, आणि मग असं वाक्य येतं: ‘द मिल वॉज नो लाँगर इकॉनॉमिक.’ इथे पुढे नामच नाही. आणि अर्थ ‘आर्थिक’ घेतला तर ‘गिरणी आता आर्थिक राहिली नव्हती’ असं काहीतरी विचित्र हाती लागतं.

इकॉनॉमिकचा हा दुसरा अर्थ छोट्या शब्दकोशांत बहुधा नसतो. धंदा म्हणून फायद्यात चालणारं, खर्च भरून निघून चार पैसे सुटतील असं, ते इकॉनॉमिक. सोलापूरकराला हा अर्थ समजावून सांगायला नको. गिरण्यांचे भोंगे बंद झालेले बघितलेली माणसं घराघरात आहेत.

घोळ असा, की मराठीत दोन्हीसाठी आपण ‘परवडत नाही’ म्हणतो. यंत्रमागावर बसलेल्या माणसाचीच दोन वाक्यं घ्या. ‘हा माग वीज फार खातो, सूतही तुटून वाया जातं, परवडत नाही.’ हे झालं अनइकॉनॉमिकल. आणि ‘माग चांगला आहे, वीजही कमी घेतो, पण ऑर्डरच नाहीत, सुताचा भाव वर आणि टॉवेलचा खाली, परवडत नाही.’ हे झालं अनइकॉनॉमिक. पहिल्यात तक्रार मागाच्या खाण्यापिण्याबद्दल आहे, दुसऱ्यात धंद्याच्या गणिताबद्दल. एकच माग एकाच वेळी इकॉनॉमिकल असू शकतो आणि इकॉनॉमिक नसू शकतो. उलटंही होतं. वीज भसाभस खाणारा जुना जॅकार्ड माग चादरीला भाव चांगला मिळतोय तोवर इकॉनॉमिक राहतो, इकॉनॉमिकल मात्र कधीच नसतो.

हे वाक्य शांतपणे दोनदा वाचा. परीक्षेत अवघड प्रश्न काढणाऱ्याला नेमकी हीच जागा ठाऊक असते.

३. ‘व्हेरी’ लावून बघा

झटपट कसोटी. विशेषणाआधी ‘व्हेरी’ किंवा ‘मोर’ घाला. व्हेरी इकॉनॉमिकल कार, ठीक. मोर इकॉनॉमिकल मेथड, ठीक. व्हेरी इकॉनॉमिक पॉलिसी? नाही जमत. धोरण अर्थविषयक असतं किंवा नसतं. ‘फार अर्थविषयक’ असं नसतं. जे विशेषण फक्त ‘कशाविषयी’ एवढंच सांगतं ते कमी-जास्त होत नाही. जे गुण सांगतं ते होतं.

मर्यादाही ऐका. मागच्या पायरीतला ‘फायद्यात चालणारं’ या अर्थाचा इकॉनॉमिक ‘मोर’ सहन करतो. म्हणून ही कसोटी एकटी वापरू नका, पहिल्या पायरीच्या जोडीने वापरा.

४. उलट शब्द टाकून बघा

रिकाम्या जागेत ‘वेस्टफुल’, म्हणजे उधळ्या, हा शब्द टाका. वाक्य उलट्या अर्थाने का होईना पण शहाणं राहिलं, तर तिथे इकॉनॉमिकल. ‘वेस्टफुल कार’ चालतं. ‘वेस्टफुल सर्व्हे’ म्हटलं तर तुम्ही सर्व्हेला शिवी दिलीत, विषय बदलला. तिथे इकॉनॉमिक.

इतर जोड्यांनाही हेच. शब्द अडला की त्याचा उलट शब्द शोधा. दोन जुळ्या शब्दांचे उलट शब्द सहसा जुळे नसतात.

५. मराठीत दोघांना एकच शब्द असेल तर जास्त सावध व्हा

इकॉनॉमिकच्या बाबतीत मराठी थोडीफार मदत करते. ‘आर्थिक’ आणि ‘काटकसरीचा’ असे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत. हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल यांना मात्र आपण दोन्हीकडे ‘ऐतिहासिक’ म्हणतो. शिवाय शाळेत ‘अ व्हिजिट टू अ हिस्टॉरिकल प्लेस’ हा निबंध आपण सगळ्यांनी घोटलाय. त्यामुळे हिस्टॉरिकल हाताला सवयीने येतो आणि हिस्टॉरिक तसाच पडून राहतो.

फरक असा. इतिहासात ज्याला महत्त्व आहे, ज्याने काहीतरी बदललं, ते हिस्टॉरिक. इतिहासाविषयीचं, गतकाळाशी संबंधित, मग ते महत्त्वाचं असो वा नसो, ते हिस्टॉरिकल.

आपल्याच गावावर लावून बघू. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. ही घटना हिस्टॉरिक. त्या दिवसांतले सरकारी हुकूम, पत्रव्यवहार, वर्तमानपत्रांची कात्रणं हे हिस्टॉरिकल रेकॉर्ड. त्यावर कुणी कादंबरी लिहिली तर ती हिस्टॉरिकल नॉव्हेल. कादंबरी गाजली, न गाजली, तरी हिस्टॉरिकलच, कारण शब्द तिचा विषय सांगतो, तिची थोरवी नाही. हिस्टॉरिक नॉव्हेल म्हटलंत तर ‘ज्या कादंबरीने इतिहास घडवला’ असा अर्थ होईल. लेखक खूष होईल, पण तुम्हाला तसं म्हणायचं होतं का, हा प्रश्न.

दुसरं उदाहरण डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. सोलापुरात जन्मलेले, १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले आणि तिथेच वारलेले. ते ‘हिस्टॉरिकल फिगर’ आहेत, म्हणजे खरोखर होऊन गेलेले, दंतकथेतले नाहीत. इथे हिस्टॉरिकलचा आणखी एक पदर दिसतो: खरं विरुद्ध कल्पित. त्यांचं पथक मात्र ‘हिस्टॉरिक मिशन’.

मग भुईकोट किल्ला कुठला? हिस्टॉरिक फोर्ट लिहा. जुन्या, जपण्यासारख्या वास्तूंना, शहरांना, पेठांना इंग्रजी सहसा हिस्टॉरिक लावते. पण कुणी हिस्टॉरिकल फोर्ट लिहिलं तर त्याची मान धरू नका. आपल्याकडच्या इंग्रजीत हिस्टॉरिकल प्लेस, हिस्टॉरिकल मॉन्युमेंट हे इतकं रुळलंय की १९५१ च्या केंद्रीय कायद्याच्या नावातसुद्धा ‘एन्शंट अँड हिस्टॉरिकल मॉन्युमेंट्स’ असे शब्द आहेत. पूर्वी इंग्रजीतही हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी यायचे, आणि आजही काठावरच्या वाक्यांत ते गळ्यात गळा घालतात. माझं मत विचाराल तर, परीक्षेत काटेकोर राहा, स्वतःच्या लिखाणात काटेकोर राहा, आणि दुसऱ्याच्या पाटीवर लाल पेन चालवू नका.

६. शब्दकोश उलटीकडून वाचा

बहुतेक जण शब्द उघडतात, पहिली ओळ वाचतात, बंद करतात. तुम्ही आधी उदाहरणं वाचा, मग व्याख्या. लर्नर्स डिक्शनरीत खाली एखादी चौकट असते, दोन सारख्या शब्दांचा फरक सांगणारी. या दोन्ही जोड्या अशा चौकटींच्या नेहमीच्या मानकरी आहेत. चौकट सापडली की वहीत उतरवा, पण तिथली वाक्यं जशीच्या तशी नको. आपल्या गल्लीतली, आपल्या कामातली घाला.

तरीही शंका उरली तर कॉर्पस बघा. कॉर्पस म्हणजे छापील आणि बोललेल्या मजकुराचा प्रचंड साठा, ज्यात शब्द शोधता येतो. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत. अमेरिकन इंग्रजीच्या कोका नावाच्या कॉर्पसमध्ये १०० कोटींच्या वर. नाव नोंदवून मर्यादित शोध फुकट करता येतात. विशेषण टाकायचं आणि त्याच्या लगेच पुढे येणारी नामं वारंवारतेप्रमाणे मागायची. पहिल्या पायरीत तुम्ही हाताने जे पान बनवलंत, तेच इथे छापून मिळतं. पण म्हणून हाताचं पान टाळू नका. छापलेलं डोळ्याखालून जातं, लिहिलेलं डोक्यात राहतं.

साध्या गुगल शोधात किती निकाल आले यावर मात्र निवाडा करू नका. तो आकडा ढोबळ असतो, आणि इंटरनेटवर चुकीचं इंग्रजी लिहिणारे आपल्यासारखे कोट्यवधी आहेत.

७. खड्डे कुठे आहेत

क्रियाविशेषणाचा खड्डा सगळ्यात मोठा. इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल दोघांचं क्रियाविशेषण एकच, इकॉनॉमिकली. ईडब्ल्यूएस म्हणजे इकॉनॉमिकली वीकर सेक्शन्स. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनंतर हा शब्द प्रत्येक फॉर्मवर आलाय. इथे इकॉनॉमिकली म्हणजे आर्थिकदृष्ट्या. ‘शी कुक्स इकॉनॉमिकली’ मध्ये तोच शब्द काटकसरीने या अर्थी येतो. ‘इकॉनॉमिकलीत एएल दिसतं म्हणजे मूळ शब्द इकॉनॉमिकलच असणार’ असा तर्क लढवणारी हुशार पोरं दरवर्षी भेटतात. तर्क चुकीचा आहे. आय-सीने संपणाऱ्या जवळपास सगळ्या विशेषणांना एएलएलवाय लागतं, एएलवालं भावंड असो वा नसो. पब्लिकली हा त्यातला ठळक अपवाद.

इकॉनॉमिक्स हे नाम आहे, विषयाचं नाव. इकॉनॉमिक्स टीचर बरोबर, इकॉनॉमिक टीचर नाही. आणि इकॉनॉमी पॅक, इकॉनॉमी क्लास यांत विशेषण नाहीच, इकॉनॉमी हे नामच विशेषणासारखं जुंपलंय. इकॉनॉमिकल क्लासचं तिकीट कुणी देत नाही.

‘अ हिस्टॉरिक’ की ‘अ‍ॅन हिस्टॉरिक’? दोन्ही छापलेलं सापडेल. ‘ह’ स्पष्ट उच्चारत असाल, आणि आपण उच्चारतोच, तर ‘अ’ वापरा.

परीक्षेच्या पर्यायांत दोन्ही शब्द दिले असतील तर प्रश्न त्याच फरकावर आहे हे नक्की. मग वाक्याचा मराठी अर्थ लावत बसू नका. पुढचं नाम बघा, नाम नसेल तर ‘वेस्टफुल’ टाका. दहा सेकंदांचं काम.

८. मेल आणि कॅटलॉग लिहिणाऱ्यांसाठी

हा भाग परीक्षावाल्यांनी सोडला तरी चालेल. पण सोलापुरात माल विकणारी, आता थेट परदेशी गिऱ्हाइकांशी बोलणारी तरुण मंडळी बरीच आहेत, त्यांच्यासाठी.

‘वी ऑफर इकॉनॉमिक प्राइस’ हे वाक्य मी इतक्या कोटेशनांत बघितलंय की विचारू नका. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, आमचा भाव तुम्हाला परवडेल. पण इकॉनॉमिक प्राइस म्हणजे विकणाऱ्याला परवडणारा भाव, ज्यात उत्पादनाचा खर्च निघून नफा सुटतो. म्हणजे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगताय, ‘आम्हाला सुटेल तो भाव लावतो.’ खरं आहे ते, पण कोटेशनमध्ये लिहायचं नसतं! मग इकॉनॉमिकल प्राइस? आपल्याकडे चालतं, पण काटकसर भाव करत नाही, वस्तू करते. भावासाठी रीझनेबल किंवा कॉम्पिटिटिव्ह लिहा. इकॉनॉमिकल टॉवेलसाठी ठेवा: ‘अ‍ॅन इकॉनॉमिकल चॉइस फॉर हॉटेल्स’, कारण खूप धुलाया टिकतो, पुन्हा पुन्हा घ्यावा लागत नाही.

चीप आणि इनएक्स्पेन्सिव्ह यांचाही भाव एकच, वास वेगळा. चीप टॉवेल म्हटलं की दुसऱ्या धुण्यात विरणारा, रंग सोडणारा टॉवेल डोळ्यासमोर येतो. स्वतःच्या मालाला चीप म्हणू नका. समोरचा म्हणाला तर तो दर पाडायला बघतोय असं समजा.

आणि टॉवेलवाल्यांची खास जोडी, अ‍ॅब्सॉर्बंट आणि अ‍ॅब्सॉर्बिंग. टेरी टॉवेलच्या अंगावर सुताचे छोटे फासे उभे असतात, त्यांनी पाणी धरायला जागा वाढते. म्हणून टॉवेल पाणी टिपतो. तो अ‍ॅब्सॉर्बंट. अ‍ॅब्सॉर्बिंग असतं ते पुस्तक किंवा सामना, ज्यात माणूस बुडून जातो. ‘हायली अ‍ॅब्सॉर्बिंग टॉवेल’ लिहिलंत तर वाचणारा समजून घेईल, पण गालातल्या गालात हसेल. नेहमीची पहिली पायरी इथेही चालते: अ‍ॅब्सॉर्बंटच्या पुढे टॉवेल, पेपर, कॉटन, अ‍ॅब्सॉर्बिंगच्या पुढे स्टोरी, बुक, मॅच.

९. बाकीच्या जोड्या, धावत धावत

क्लासिकल म्हणजे शास्त्रीय किंवा प्राचीन ग्रीक-रोमन: क्लासिकल म्युझिक, क्लासिकल डान्स. क्लासिक म्हणजे अव्वल नमुना, जुना होऊनही न उतरणारा: क्लासिक डिझाइन, क्लासिक एक्झाम्पल. चादरीच्या जुन्या नक्षीला क्लासिक म्हणा.

इलेक्ट्रिक थेट विजेवर चालणाऱ्या वस्तूला: इलेक्ट्रिक मोटर, इलेक्ट्रिक फॅन. इलेक्ट्रिकल विजेशी संबंधित व्यापक गोष्टींना: इलेक्ट्रिकल इंजिनिअर, इलेक्ट्रिकल फॉल्ट. इंजिनिअर स्वतः विजेवर चालत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सेन्सिबल म्हणजे समंजस, सेन्सिटिव्ह म्हणजे लगेच लागणारा, हळवा. मराठीत ‘संवेदनशील’ फक्त दुसऱ्याला.

इथे एक मोह आवरा. आय-सी आणि आय-सी-ए-एल यांचा सगळ्या जोड्यांना लागू पडणारा एकच नियम शोधू नका. हिस्टॉरिकमध्ये छोटा शब्द महत्त्व दाखवतो, इकॉनॉमिकमध्ये छोटा शब्द नुसता विषय दाखवतो. पोलिटिकल रोजचा शब्द आहे, पोलिटिक म्हणजे धोरणी, आणि तो आता क्वचितच दिसतो. प्रत्येक जोडीचं भांडण वेगळं, ते त्याच जोडीच्या पानावर मिटवायचं.

१०. करून बघा

इकॉनॉमिक, इकॉनॉमिकल, हिस्टॉरिक, हिस्टॉरिकल यांपैकी योग्य शब्द भरा. उत्तरं खाली आहेत, आधी झाकून ठेवा.

अ) इट इज मोर ____ टु बाय यार्न इन बल्क.
आ) द गव्हर्नमेंट अनाउन्स्ड न्यू ____ रिफॉर्म्स.
इ) वी नीड ____ डेटा ऑन कॉटन प्रायसेस फॉर द लास्ट टेन इयर्स.
ई) दे साइन्ड अ ____ अ‍ॅग्रीमेंट दॅट एन्डेड द वॉर.
उ) ही इज ____ विथ हिज वर्ड्स.
ऊ) दीज ओल्ड लूम्स आर नॉट ____ एनी मोअर.

अ मध्ये इकॉनॉमिकल. ‘मोर’ आहे आणि मुद्दा खर्च वाचवण्याचा. आ मध्ये इकॉनॉमिक. रिफॉर्म्स त्याच्याच सोबतीतले. इ मध्ये हिस्टॉरिकल. मागच्या काळातली आकडेवारी आहे, इतिहास घडवणारी नव्हे. ई मध्ये हिस्टॉरिक. उ मध्ये इकॉनॉमिकल. शब्द जपून वापरणारा माणूस.

ऊ मध्ये दोन्ही बसतात, आणि अर्थ बदलतो. परीक्षेत असं वाक्य आलं तर मागेपुढे बघा. आधी विजेच्या बिलाबद्दल, वाया जाणाऱ्या सुताबद्दल बोलणं चाललं असेल तर इकॉनॉमिकल. ऑर्डर, भाव, तोटा यांबद्दल चाललं असेल तर इकॉनॉमिक. मागेपुढे काहीच दिलेलं नसेल तर तो प्रश्न काढणाऱ्याने दुसरी पायरी वाचलेली नाही, असं समजा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा.